लाल चिंधीची वांगी

जमीन कुणाच्याही मालकीची नसते. ती समाजाची असते आणि आपण तिचे केवळ राखणदार असतो, हे आमच्या बाबांचे जीवनतत्त्व आहे. हे तत्त्व ते बहुधा धुऱ्यावर उभे राहून सांगतात. (धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वऱ्हाडातली निम्मी भांडणे त्याच्यावरच उगवतात.) आणि सांगता सांगता शेजारच्या वामनकाकांनी तो कुठवर सरकवला आहे, ते नजरेने मापत असतात.

आमचे शेत अंजनगाव सुर्जीहून अकोटकडे जाताना लागते. पुढे संत्र्याची बाग, मागे भाजीपाला आणि भाजीपाल्यात आईची वांगी. ही वांगी आईला तिच्या सासूकडून मिळाली. दरवर्षी आई सर्वांत चांगली झाडे हेरते, त्यांना जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधते आणि ती वांगी झाडावरच पिवळी होईस्तोवर राखते. ते बियाणे. चिंधी दिसली की आमच्या घरचा बैलसुद्धा तोंड फिरवतो! पुढे हे बी आई साऱ्या गावाला वाटते. घरात चिमूटभरही शिल्लक ठेवत नाही. "बी काय डब्यात निजवाले असते?" हे तिचे जीवनतत्त्व. ते ती धुऱ्यावर उभी राहून सांगत नाही, एवढाच फरक.

अशा सेवाभावी कुटुंबात मी जन्मलो आणि वाचनाची आवड असल्याने बिघडलो. या हिवाळ्यात माझ्या डोक्यात आले की आपले शेत खरोखरच समाजाला खुले करावे. अमरावतीच्या राजापेठेतली कुटुंबे रविवारी बोलवावीत, त्यांनी स्वतःच्या हाताने भाजी तोडावी, तीच भाजी शिजवून गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत बसवावी. बाबांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी लगेच एक भला मोठा फलक करून घेतला: 'सर्वांचे शेत'. खाली बारीक अक्षरात 'संकल्पना', आणि पुढे माझे नाव. फलक अगदी धुऱ्याला लागून रोवला. तोंड वामनकाकांच्या शेताकडे!

आता शहरातली माणसे वाफ्यांत शिरली की काय तोडतील याचा नेम नाही. म्हणून मी राजापेठेतूनच लाल रिबीन आणली आणि तोडायच्या वाफ्यांना बांधली. माझी बायको वैशाली हात कमरेवर ठेवून बघत होती.

"अहो, आईनं बी लालच चिंध्या बांधल्या आहेत नं?"

"चिंधी वेगळी, रिबीन वेगळी. येणारी माणसं सुशिक्षित आहेत."

"तेच म्हणून राहिली मी," वैशाली म्हणाली.

रविवारी माणसे आली. म्हणजे लोटली! प्रमुख पाहुणे एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी 'माती' या विषयावर भाषण केले आणि ते संपेपर्यंत बुटाला माती लागू नये म्हणून सतरंजीवरून हलले नाहीत. मग भोंगा माझ्या हाती आला आणि मी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारले:

"लाल खूण दिसेल तिथलं बिनधास्त तोडा!"

पुढचा काही वेळ मला एखादा बांध फुटल्यासारखा आठवतो. कोथिंबीर मुळासकट उपटली गेली. एका गृहस्थांनी कच्ची संत्री तोडून 'लिंबं मोठी आहेत' असा अभिप्राय दिला. मी हसतमुखाने संत्र्यांविषयी माहिती देत होतो, इतक्यात एक ताई टोपली घेऊन समोर आल्या.

"भाऊ, हे पिवळे वांगे कोणत्या जातीचे होत? सेंद्रिय आहेत काय?"

मी टोपलीत पाहिले. टोपलीत आईच्या सासूबाई होत्या!

"हे... हे कुठून तोडले ताई?"

"लाल खूण होती नं! आम्ही सगळ्यायनं तिथूनच तोडले. बाकीचे तर कढईत गेले बी!"

मी धावलो. कढईपाशी पोचलो तेव्हा आचारी झारा फिरवत होता आणि पिवळ्या फोडी तेलात गटांगळ्या खात होत्या. मागून टोपलीही आली आणि मी 'थांबा' म्हणेस्तोवर तीही चिरली गेली. देठे आणि साली बैलापुढे पडल्या. बैलाने या वेळी तोंड फिरवले नाही.

पंगत बसली. पिकून जून झालेल्या वांग्याची भाजी कशी लागते, हे ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको. (बाकीच्यांनी खाटेची सुतळी चिंचेच्या बियांसोबत चावून पाहावी.) पण प्रमुख पाहुण्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! हीच ती अस्सल गावरान चव! शहरात कुठली मिळायला!" झाले! सगळी पंगत माना डोलवू लागली. एकाने डबाही भरून घेतला. बाबांनी एक घास खाल्ला, माझ्याकडे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा भाषण केले नाही.

आई वांग्यांत उभी होती. बोडक्या झाडांवर चिंध्या तेवढ्या हलत होत्या.

"आई, अगं..."

"माह्या सासूनं देल्लं बी होतं रे ते," ती हळू आवाजात म्हणाली. "आता गावाले काय देऊ मी?"

ती ओरडली असती तर बरे झाले असते.

त्याच संध्याकाळी मी गावभर फिरलो. सगळीकडे एकच उत्तर. "बी? आमी काहून ठेवू? काकू देतेत नं दरसाल!" आम्ही गावाची इतकी सेवा केली होती की कुणाच्याच घरी बी उरले नव्हते.

शेवटी वैशालीच म्हणाली, "वामनकाकांच्या शेतात वांगे आहेत की. आईचेच वाटतात."

होतीच! धुऱ्याचे भांडण होण्याआधी वामनकाकांनी आईकडून बी नेले होते. भांडणानंतर आमच्या दारात यायला नको, म्हणून ते हट्टाने स्वतःचे बी स्वतः धरत आले. साऱ्या गावात आईची वांगी टिकवली होती ती फक्त आमच्या शत्रूने!

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे धुऱ्यावर गेलो. बाबांना पुढे ढकलावे लागले.

"काहून आले दादाराव?" वामनकाका विळा न थांबवता म्हणाले. "जमीन कोणाची नसते, हे सांगाले?"

"नाई. बी पाह्यजे होतं. वांग्याचं."

"कोणतं वांगं?"

"आमचंच."

"तुमचं कसं?" वामनकाका आता सरळ उभे राहिले. "जमीन कोणाची नसते, अन् बी तुमचं होये काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी संत्र्यांकडे पाहिले.

वामनकाका घरात गेले आणि राखेत ठेवलेल्या बियांची पुरचुंडी घेऊन आले. बाबांनी हात पुढे केला. त्यांनी तो ओलांडून पुरचुंडी आईच्या ओंजळीत ठेवली.

"घ्या वहिनी. तुमच्या सासूचं होये हे. यायच्या हातात देत नाई मी, हे याच्यावर बी भाषण ठोकतीन."

आई हसली. रडली पण. मग वामनकाकांनी जाता जाता सहज म्हटल्यासारखे म्हटले, "अन् त्या धुऱ्याचं बी पाहून घ्या एकदा."

पाहून घेतले. रोपे छान आली आहेत, यंदा गावाला बी मिळेल, आणि आई आता थोडे घरातही ठेवणार आहे. धुरा दोन हात आमच्या बाजूला सरकला. त्यामुळे 'सर्वांचे शेत' हा फलक सध्या वामनकाकांच्या शेतात उभा आहे. संकल्पना माझीच आहे.