धुराला हद्द

लग्न होऊन मी नागापूरला आले तेव्हा आमच्या वस्तीत धुणं कधी वाळत घालायचं हे भट्टीवर ठरायचं. वस्तीच्या मागे एमआयडीसीतला एक लोखंड ओतायचा कारखाना होता. त्याची भट्टी रोज पेटत नसे. पेटली की दुपारपासून काळा धूर निघायचा, आणि वारा आमच्या अंगावरचा असला की काजळी खाली बसायची. दोरीवरच्या कपड्यांवर, पापडांवर, पाण्याच्या पिंपात, निजलेल्या लेकरांच्या कपाळावर. ती पुसायची नाही, पुसली की पसरते. फुंकर मारून उडवायची, हे शेजारणीनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

त्या भट्टीवरच माझे यजमान कामाला होते. वरच्या फलाटावर उभं राहून कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, आणि भंगार भट्टीच्या तोंडात टाकायचं, हे त्यांचं काम. वस्तीतल्या बऱ्याच घरांतली माणसं त्याच कारखान्यात होती. कुणी साचे भरायचं, कुणी ओतायचं, कुणी ओतलेला माल घासायचं. त्यामुळे धुराबद्दल आम्ही बायका बोलायचो ते पावसाबद्दल बोलावं तसं. आज लई आला, आज तिकडं गेला, एवढंच.

वस्तीच्या मधोमध बुद्धविहार होता. मी दहावी झालेली म्हणून तिथली बालवाडी माझ्याकडे आली. बुद्धपौर्णिमेच्या आधी वर्गणी काढून आम्ही विहार पांढराशुभ्र करायचो. पावसाळा लागेस्तोवर भिंतींवरून काळे ओघळ उतरलेले असायचे. सकाळी मी सतरंजी झटकायच्या आधी मुलं फरशीवर बोटानं रेघोट्या ओढत बसायची. त्यांना पाटी लागायचीच नाही.

आमची मुलगी चालायला लागली आणि खोकायलाही. आधी खोकला सर्दीचा वाटला. मग तिला रात्रीची धाप लागायला लागली. सावेडीतल्या डॉक्टरांनी कुठं राहता म्हणून विचारलं. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी तिची छाती पुन्हा तपासली. मग म्हणाले, हिला तिथून काही दिवस हलवून बघा. घर बदलणं आमच्या हातात नव्हतं. मी तिला माहेरी, श्रीरामपूरजवळ बेलापूरला, भावाकडे नेऊन सोडलं. महिनाभरात तिचा खोकला गेला. परत आणली, तर आठ दिवसांत पुन्हा सुरू. पुन्हा नेऊन सोडली.

यजमानांना मी हे सांगितलं तेव्हा ते कामावरून येऊन हात धूत होते. त्यांनी साबण पुन्हा लावला, पुन्हा धुतले. म्हणाले, "मग तिथंच राहू दे तिला." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी रविवारी एसटीनं बेलापूरला जायची. मुलगी माझ्या वहिनीला आई म्हणायला लागली होती. मला ती बाई म्हणायची. बालवाडीतली मुलं मला बाई म्हणतात, ते तिनं नागापूरला असताना ऐकलेलं. वहिनी ओशाळायची, तिला दटावायची. मी हसून सोडून द्यायची आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसायची.

अशात एक दिवस प्रदूषणाच्या खात्याचे एक साहेब वस्तीत आले. तरुण होते, आवाज मऊ. विहारात बायका जमल्या. त्यांनी सांगितलं की कुठल्या चिमणीतून किती काजळी बाहेर सोडायची याला सरकारनं हद्द घालून दिलेली आहे. हा कारखाना ती ओलांडतो आहे, हे त्यांनी मोजून पाहिलं होतं. पण कारखान्याच्या शेठचं म्हणणं असं की लोकांची काही तक्रारच नाही, उलट लोक आमच्यावर जगतात. ग्रामसभा जवळ आली होती. तिथं लोकांनी स्वतः उठून सांगितलं की आम्हाला ही हद्द पाळलेली हवी आहे, तर त्यांच्या कामाला बळ येणार होतं.

मग त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. काळा धूर दिसतो, पण कोळसा जळताना एक न दिसणारा वायूही निघतो. तो वर जाऊन साठतो आणि सगळ्या पृथ्वीची हवा तापवतो. त्याला अजून आपल्याकडे काही हद्द नाही, मोठमोठ्या देशांत त्यावर बोलणी चालू आहेत. एका म्हातारीनं विचारलं, त्यानं लेकरं खोकतात का? साहेब म्हणाले, तसं नाही. म्हातारी म्हणाली, "मग ते ऱ्हाऊ द्या. आदी ह्ये बगा." सगळ्या हसल्या, साहेबही हसले.

त्या दुपारी सगळ्याजणी म्हणाल्या की आम्ही उठून बोलू. शेजारीण तर सगळ्यांत पुढं होती. तिच्या नातवाची छाती वाजायची. पण दोन दिवसांत टँकरपाशी सूर बदलला. घराघरांत पुरुषांनी सांगितलं होतं की भट्टी बंद पडली तर खाणार काय. शेजारीण माझ्याकडे न बघता कळशी भरत म्हणाली, "बाई, तुमाला बोलता येतंय. आमचं काय."

घरी मी यजमानांना विचारलं, मी बोलू का? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हणाले, तुम्ही नको म्हणालात तर बोलणार नाही.

"मी नको कसं म्हनू," ते म्हणाले. "तिकडं पोरगी तुला बाई म्हन्ती. आन हो कसं म्हनू? भट्टीत कोक मीच टाकतो. तू तुझं बग. मी तिथं असंन."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. कारखान्यातली माणसं एका बाजूला बसली होती, यजमान त्यांच्यात. बायका शाळेच्या पडवीत. शेठ आले नव्हते, त्यांचा मॅनेजर आला होता. त्यानं सांगितलं की धूर रोखायचं यंत्र बसवणं या धंद्याला परवडत नाही, आणि जबरदस्ती झाली तर भट्टी थंड करावी लागेल. मग सरपंचांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का?

मी उठले. मी तयारी केली होती, पण ते सगळं विसरले. मी एवढंच सांगितलं की माझी मुलगी इथं राहू शकत नाही. बालवाडीतली किती मुलं खोकतात ते सांगितलं. म्हणाले, कारखाना बंद करा असं आमचं म्हणणं नाही, सरकारनं जी हद्द सांगितली आहे तेवढी पाळा. माझा आवाज कापत होता.

पुरुषांतून कुणीतरी यजमानांना म्हणालं, "आरं, तुझी मालकीण हाय ना ती? बसव तिला खाली."

यजमान म्हणाले, "तिला बसायचं तवा ती बसंल."

सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. पडवीतून काही हात वर झाले, मी धरले होते त्याहून जास्त. म्हातारीचा झाला. शेजारणीचा नाही झाला. पुरुषांतून शेतकऱ्यांचे झाले, कारखान्यातल्या कुणाचा नाही. यजमान हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते.

महिन्याभरात खात्याची नोटीस आली: मुदतीत यंत्र बसवा, नाहीतर भट्टी थांबवा. शेठनं भट्टी थांबवली. साचे भरणारे, ओतणारे, घासणारे, सगळे घरी बसले. आमचेही.

आकाश स्वच्छ झालं. मी मुलीला घेऊन आले. ती अंगणात खाटेवर माझ्या कुशीत झोपायची आणि पहाटेपर्यंत एकदाही उठायची नाही. मी मात्र जागी असायची. बालवाडीतली मुलं एकेक करून कमी होत गेली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त मुलं येईनाशी झाली. शेवटी म्हातारीची पणती आणि माझी मुलगी, एवढ्या दोघींना घेऊन मी गाणी म्हणायची. यजमान सकाळी मजूर अड्ड्यावर जाऊन उभे राहायचे. काम मिळालं तर विटा वाहायचे. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं की मी बोलायला नको होतं का? ते चिडले. म्हणाले, झालं ते झालं, आता ते उगाळू नकोस. त्यांना माझ्या पश्चात्तापाचंही ओझं नको होतं, हे मला तेव्हा समजलं नाही.

पुढं कळलं की शेठनं पूर्वेकडे, मुख्य रस्ता सोडून आत एका कोरडवाहू गावाजवळ जागा घेतली आहे. भट्टी तिकडं उभी राहिली. नवी नव्हे, हीच उचलून नेलेली. यंत्र बसवलेलं नव्हतं. जुन्या माणसांना निरोप आले, यजमानांनाही आला. सकाळी टेम्पो वस्तीत यायचा आणि सगळ्यांना घेऊन जायचा.

"तिथंही लेकरं असतील," मी म्हणाले.

"हायेत," ते म्हणाले. "रोज बगतो. शाळा जवळच हाय." आणि डबा घेऊन टेम्पोत चढले.

घरी पगार यायला लागला. बालवाडीत मुलं परत आली. शेजारीण एक दिवस वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आली आणि काही न बोलता ठेवून गेली. मुलगी मला आई म्हणायला लागली होती. सगळं जागेवर आलं होतं, आणि मला घास गोड लागत नव्हता. संध्याकाळी यजमान आले की त्यांच्या कानांच्या घड्यांत, मानेच्या रेषांत ती काजळी असायची. मुलगी त्यांच्या अंगाशी जायला धावायची. ते तिला लांबूनच थांबवायचे, आधी अंघोळ करायचे, मग घ्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावातली एक बाई माझ्याकडे आली. वयानं माझ्याएवढीच, उन्हात रापलेली, दोन गाड्या बदलून आलेली. टेम्पोतल्याच कुणाकडून तिला कळलं होतं की नागापूरला बालवाडीच्या बाई आहेत, त्यांनी भट्टीचा धूर थांबवला. तिच्या पदराआड दीडेक वर्षांची मुलगी होती. ती खोकली, तसा मला तो खोकला ओळखू आला. ती बाई म्हणाली, आमच्यात सभेत बाया बोलत न्हाईत, तुमी येऊन सांगा.

माझे यजमान त्याच भट्टीवर आहेत हे तिला माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच दारात उभे. अंगभर काळे. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवी उचलून उठायला लागली.

"बसा ताई," यजमान म्हणाले. अंघोळ करून आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिच्या मुलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भट्टी बंद करा म्हनू नका. तसं म्हनलं की आमी समदे तुमच्या इरुद्ध उभे ऱ्हानार, मीबी. धुराला यंत्र बशिवल्याबिगर पुढं काम न्हाई, असं म्हना. आन शेठचा पैसा ह्या जागंत अडकलाय, आता तिसरी जागा मिळायची न्हाई, तवा आत्ताच म्हना."

ती म्हणाली, "तुमी म्हनाल का?"

यजमान माझ्याकडे बघून म्हणाले, "ही यील."

मी गेले. मारुतीच्या देवळापुढं सभा होती. मी पहिल्या वेळेसारखंच बोलले, पण यावेळी आवाज कापला नाही. कारण काय होऊ शकतं ते मला ठाऊक होतं, आणि समोरच्या बायकांनाही मी ते लपवून ठेवलं नाही. आमच्याकडे काय काय झालं ते सगळं सांगितलं. घरी बसलेली माणसं, रिकामी बालवाडी, टेम्पो. सांगताना वाटलं की आता एकही हात वर होणार नाही. तरी हात झाले. सुट्टीचा दिवस होता, टेम्पोतली माणसंही आली होती, मागं उभी होती. हात वर करा म्हटल्यावर त्यांच्यात चुळबुळ झाली. यजमानांनी हात वर केला. शेजारच्यानं तो धरून खाली ओढला. त्यांनी दुसरा वर केला. त्यांच्यामागं आणखी एकाचा झाला, मग कुणाचाच नाही.

या वेळी शेठनं यंत्र बसवलं. चिमणीत पाण्याचे फवारे सोडून धूर धुतला जाऊ लागला, काळ्याऐवजी राखाडी धूर यायला लागला. ते खोकणारं पोर बरं झालं की नाही, मला कळलं नाही. ती बाई पुन्हा आली नाही. यजमानांना फलाटावरून काढून माल घासण्याच्या खात्यात टाकलं. तिथं धूर नसतो, लोखंडाची आणि वाळूची धूळ असते. तिला कुणी हद्द घातलेली नव्हती. टेम्पोत त्यांच्याशेजारची जागा बरेच दिवस मोकळी राहायची, असं मला त्यांच्याकडून नाही, शेजारणीकडून कळलं.

मी त्यांना विचारलं, दुसऱ्या सभेत हात वर का केलात? ते रविवारचे दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "पयल्या वक्ताला वाटलं हुतं, तू बोलली म्हंजे माझंबी झालं. तसं न्हाई हुत." आणि गालावरचा साबण पुसून त्यांनी मला पाणी आणायला सांगितलं.