सुंद्राबाईंचा खालचा जबडा

१४ नोव्हेंबर २००४, रविवार. महाडच्या दवाखान्यातलं मोठं कपाट रिकामं करायला घेतलं. आमचे दातांचे डॉक्टर शेवडे जाऊन पाच आठवडे झाले, आणि जागा महिनाअखेर सोडायची आहे. कपाटात रुग्णांच्या तोंडाची मापं घेऊन केलेले प्लास्टरचे जबडे रचलेले. प्रत्येकावर डॉक्टरांनी पेन्सिलीनं नाव, वाडी आणि काय काम राहिलं ते लिहिलेलं. काम झालं की ते ती ओळ खोडत. खोडलेले मी गोणीत भरत होते.

चौदा वर्षं मी त्यांची मदतनीस. दात काढून दवाखाना चाले, पण डॉक्टरांचा जीव हिरड्यांत. पोलादपूरकडच्या डोंगरवाड्यांवर चाळिशीतल्या बायकांचे न किडलेले दात हलून का पडतात, हे त्यांना शोधायचं होतं. रविवारी आम्ही चढायचो. हिरडी दातापासून किती खोल सुटली आहे ते डॉक्टर खुणांच्या बारीक सळईनं मोजत, मी आकडे लिहून घेई. हिरडी सुटली की आतलं हाड झिजतं, हे मी तिथंच शिकले. पहिल्या वाडीवर त्यांनी आधी निरोप धाडला होता, दात स्वच्छ घासून या. बायका आल्या त्या काळ्या तोंडानं... डॉक्टर येणार म्हणून सगळ्यांनी दोनदोनदा मशेरी लावली होती. ज्या भाजलेल्या तंबाखूवर त्यांचा संशय, तिनंच हे स्वागत. माझा रविवार फुकट गेला म्हणून मी चिडले. डॉक्टर ओट्यावर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मग वहीत एक रकाना वाढवला : मशेरी, दिवसातून किती वेळा.

त्याच वाडीवरच्या सुंद्राबाई. गुरं राखणाऱ्या, आता सत्तरीच्या, तोंडात एकही दात नाही, आणि खालचं हाड इतकं झिजलेलं की कवळीला बसायला जागाच नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना शब्द दिला, भाकरी चावाल. पहिली कवळी लावून त्यांनी दवाखान्यात बिस्कीट खाल्लं, आम्ही खूश. महिन्यानं ती फडक्यात बांधून त्या परत घेऊन आल्या.

"बिस्कूट खायाला मी डोंगर उतरू काय रे? माझ्या घरात नाचणीची भाकरी हाय."

त्या दिवसापासून दवाखान्यात बिस्किटं बंद. कवळीची परीक्षा माझ्या डब्यातल्या भाकरीवर, म्हणजे दुपारी मी अर्धपोटी. दुसरी कवळीही भाकरीला हलली. डॉक्टरांनी हसत तिसऱ्यांदा माप घेतलं, कवळी पुरी केली, आणि त्याच आठवड्यात झोपेतच गेले.

खालच्या कप्प्यात ती तिसरी कवळी सापडली, पाण्याच्या डबीत. शेजारच्या प्लास्टरच्या जबड्यावर लिहिलेलं : सुंद्राबाई, वरची वाडी, भाकरी बाकी.

सोमवारी सकाळी दोन्ही पिशवीत घालून पहिल्या एसटीनं पोलादपूर गाठलं, आंबेनळीच्या रस्त्याला उतरून वाडी चढले. सुंद्राबाईंनी माझ्या मागं पाहिलं.

"डॉक्टर नाय आला?"

सांगितलं. त्यांनी माझ्या डब्यातली भाकरी थंड म्हणून बाजूला सारली आणि चुलीवर नवी थापली. कवळी घातल्यावर तिची एक कड टोचत होती, ती मी कानशीनं घासून दिली. मग त्या चावत राहिल्या... सावकाश, दोन्ही बाजूंनी, अख्खी भाकरी संपेपर्यंत.

"हालत नाय," त्या म्हणाल्या. "जरा थांबला असता, तर बघितलं असतं त्यानं."

मी पिशवीतून प्लास्टरचा जबडा काढला आणि पेन्सिलीनं ती ओळ खोडली.