एरंडेलाची मोटार

आमच्या घरी त्या काळात मोटार होती असं मी सांगितलं की बायका अजूनही म्हणतात, "मग काय, थाटच होता तुमचा!" पण त्या मोटारीची आठवण आली की मला आधी मळमळतं आणि मग बाकीचं आठवतं.

माझे यजमान अमरावतीला वकिली करायचे. अंबागेटच्या आत आमचं घर. घरात ते, मी आणि सासूबाई, एवढी तीनच माणसं. यजमान हुशार होते. कोर्टात त्यांच्या शब्दाला वजन होतं. पण यंत्र दिसलं की त्यांचं भान सुटायचं. घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडायचं, शिवणाचं मशीन उघडायचं, आणि पुन्हा जुळवल्यावर एखादा स्क्रू हातात उरला की म्हणायचे, "हा जास्तीचाच होता."

त्या वर्षी दिवाळीला मी माहेरी अकोल्याला गेले होते. जठारपेठेत वडिलांचं घर. वडील शाळेत हेडमास्तर. यजमान मला न्यायला येणार आणि आम्ही दुपारच्या गाडीने परत जाणार असं ठरलेलं. मी ट्रंक भरून, नवीन जरीकाठी लुगडं नेसून तयार बसले होते. तेवढ्यात गल्लीत एवढा मोठा आवाज झाला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. दारात जाऊन पाहते तो एक बुटकी, लांब नाकाची, विटून विटकरी झालेल्या लाल रंगाची मोटार उभी, आणि आत यजमान. त्यांच्या बाजूला अकोल्याच्या एका कापूस दलालाचा मुलगा. हा मुंबईला शिकायला गेला होता आणि शिक्षणाऐवजी ही मोटार घेऊन परत आला होता.

"इटालियन आहे," यजमान खाली उतरत म्हणाले. "शर्यतीत धावलेली आहे. मी घेतली."

वडिलांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. "जावईबुवा, बसायला जागा किती जणांना?"

"दोघांना."

"मग तुमच्या आईंनी कुठे बसायचं?"

"आईला कुठे जायचं असतं?" यजमान म्हणाले.

दलालाचा मुलगा मात्र खुशीत होता. मोटार गेली याची खुशी असते हे मला पुढे समजलं. निघता निघता तो म्हणाला, "आन् एक ध्यानात ठेवा वकीलसाहेब, इंजिनात साधं तेल घालू नका. इले एरंडेल लागते. गाळून घ्यायचं, बस."

एरंडेल हा शब्द ऐकला आणि मी नाकाला पदर लावला. लहानपणी याच घराच्या ओसरीवर नाक दाबून, हातपाय धरून आम्हा भावंडांना ते पाजलेलं होतं. मोटार निघाली आणि तेच जळालेलं, तापलेलं एरंडेल पुढ्यातल्या फटींतून धूर होऊन माझ्या तोंडावर येऊ लागलं. मोटारीला टप होता, पण फाटका. पुढची काच होती, पण ती वाऱ्याला आडवी येते म्हणून यजमानांनी खाली पाडलेली. बसायची जागा इतकी खाली की पाटावर बसल्यासारखे पाय लांब करून बसावं लागे. समोरून कापसाच्या गाड्या अकोल्याच्या सरकी काढणाऱ्या जिनांकडे चाललेल्या. धूळ उडे, कापसाचा तंतू उडे, आणि सगळं माझ्या तेलकट तोंडाला चिकटे. मी पदराने पुसलं तर पदरही चिकट झाला. मूर्तिजापूर येईतो मी दोनदा उतरून रस्त्याच्या कडेला ओकले. यजमान मोटारीत बसूनच ओरडून विचारत, "झालं का? इंजिन गरम आहे, बंद केलं तर पुन्हा लवकर सुरू होणार नाही."

घरी पोचलो. सासूबाई ओवाळायला तबक घेऊन दारात आल्या. माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "अरे, सूनबाई कुठे आहे? ही कोण आणलीस?"

"आई, मीच," मी म्हटलं.

त्यांनी तबक खाली ठेवलं. "आधी मोरीत जा. कशाला हात लावू नकोस."

शिकेकाईने तीन वेळा केस धुतले तरी वास गेला नाही. लुगडं जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीनेही घेतलं नाही.

त्यानंतर आमचं अंगण अंगण राहिलं नाही. तुळशीपासून विहिरीपर्यंत चाकं, नळ्या, साखळ्या, काळे बोळे पसरलेले. यजमान कोर्टातून आले की कोट काढायचे आणि मोटारीखाली शिरायचे. जेवायला बोलावलं तर दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, आणि नखांतली ती काळी रेघ तर कायमचीच. त्या हाताने ते वरणभात कालवायचे आणि मी दुसरीकडे पाहायची. मोटारीतलं तेल काढायला माझी कणीक मळायची परात नेली. तेल गाळायला पुरणाची चाळण नेली. मी तोंड उघडलं की म्हणायचे, "अगं, एरंडेल तर आहे. खायचीच वस्तू."

मदतीला एक मिस्त्री ठेवला होता. बडनेऱ्याच्या एका जिनात कधी काळी काम केलेला, तोंडात सतत पान, आणि हाताखाली आलेली प्रत्येक वस्तू कानशीने घासायची सवय. मोटार बिघडली की तो म्हणे, "विलायती चीज आहे साहेब, घासून बसवा लागते." घासलं की ती आणखी बिघडे. मग चहा मागे. दिवसातून कितीतरी वेळा चहा, आणि पिचकारी थेट माझ्या जास्वंदीच्या मुळाशी. दोघं मोटारीच्या दोन बाजूंना उकिडवे बसून तासन् तास बोलत, आणि बोलणं संपलं की मोटार जिथल्या तिथेच उभी असे. महिन्यातून एखादा दिवस ती चालायची. तेवढ्यात यजमान गावातल्या कॅम्प भागापर्यंत जाऊन यायचे आणि येताना बहुधा कुणाच्या तरी टांग्याला दोर बांधून यायचे.

एकदा मी मंगळागौरीसाठी शेजारी गेले होते. परत आले तर मागच्या दारी ठणठण आवाज चाललेला. मिस्त्री हातोडीने तांब्याचा पत्रा सपाट करत होता. बाजूला उरलेला काठ पडला होता. तो काठ मी ओळखला. माझ्या आईने लग्नात दिलेलं घंगाळ होतं ते. कड्यांवर नक्षी होती. एक कडं अजून त्या काठाला लटकत होतं.

"हे काय केलं?" मी विचारलं.

मिस्त्री वर न पाहता म्हणाला, "बाई, इंजिनाच्या टोपीखाली तांब्याचं पान लागते. बाजारात असा जाड पत्रा कुठं भेटून राहिला? तुमच्या घंगाळाचं तांबं अस्सल आहे, लय चांगलं पान होते याचं."

यजमान ओट्यावर उभे होते. "दुसरं घेऊ आपण," ते म्हणाले. "याहून मोठं."

"माझी आई दुसरी घेणार का?" आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

सासूबाई आतून आल्या, त्यांनी तो कडं असलेला काठ उचलला, लुगड्याच्या पदराने पुसला आणि माझ्या ट्रंकेत नेऊन ठेवला. मुलाला त्या एवढंच म्हणाल्या, "तुझा बाप असता तर तुला या घरात जेवायला मिळालं नसतं." त्या रात्री यजमानांना त्यांनीच वाढलं, मी नाही. तांब्याचं ते पान मोटारीत बसलं. महिनाभरात ते जळालंही.

मग लढाई सुरू झाली आणि इटली इंग्रज सरकारच्या शत्रूंमध्ये गेली. बाररूममध्ये वकील यजमानांना म्हणत, "काय हो, तुमची मोटार फितूर निघाली की!" सामान तर आधीही मिळत नव्हतं, आता मिळण्याची आशाही संपली. पेट्रोल मोजून मिळू लागलं. मला वाटलं, सुटले. पण यजमानांची माया उलट वाढली. पावसाळाभर मोटार पत्र्याखाली उभी होती. पाऊस संपल्यावर त्यांनी मोटारीच्या बैठकीवरचं गोणपाट काढलं तर आतून असा भपकारा आला की सासूबाई घरातून ओरडल्या. बैठकीत घोड्याचे केस भरलेले होते, त्यात उंदरांनी घर केलं होतं. पिल्लं, लेंड्या, आणि एक मेलेली उंदरीण, अर्धी सुकलेली. यजमानांनी ते सगळं हाताने काढलं, वर माझं एक जुनं सोलापुरी पांघरूण घातलं आणि म्हणाले, "बघ, किती मऊ झालं."

दसरा झाल्यावर अकोल्याहून तार आली. वडिलांना ताप होता, शुद्ध हरपत होती, ताबडतोब या. मी रडत कपडे भरू लागले. यजमान आत आले. "गाडी संध्याकाळची आहे. मोटार काल सुरू झाली आहे. आपण दुपारीच पोचू."

मी नको म्हणायला हवं होतं. पण मला वडील दिसत होते, आणि संध्याकाळ फार लांब वाटत होती. मी बसले. त्या बैठकीवर, तोंडाला पदर लावून.

बडनेरा मागे पडलं, आणखी बरंच पुढे गेलो. समोरून गुरांचा कळप आला म्हणून यजमानांनी मोटार कडेला घेतली. कडेची काळी माती वरून सुकलेली, आतून लोण्यासारखी. चाक आत गेलं. त्यांनी जोर दिला तसं आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि मोटार गप्प झाली. मी म्हटलं, "आता?"

"काही नाही, बघतो." त्यांनी मोटारीच्या नाकावरचा चामडी पट्टा सोडला, झाकण उचललं आणि आत डोकं घातलं. मी खाली उतरले. चप्पल चिखलात राहिली. ऊन चढत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोकं बाहेर काढलं. कपाळावर तेल, हातात पाना, आणि चेहऱ्यावर आनंद. खराखुरा आनंद होता तो. म्हणाले, "अगं, सापडलं! बघ, इकडे ये, कसं तुटलंय बघ!"

माझे वडील तिकडे अंथरुणावर होते आणि हा माणूस मला तुटलेलं लोखंड बघायला बोलावत होता. त्या क्षणी मला मोटारीची किळस आली नाही, त्यांची आली. एवढी पुन्हा कधी कुणाची आली नाही.

मागून एक दमणी येत होती. आत एक शेतकरी आणि त्याची बायको. त्याने बैल थांबवले. "काहून बाई, इथं काय करून राहिल्या उन्हात?"

"मूर्तिजापूरच्या टेशनावर जायचं आहे. माझे वडील आजारी आहेत."

"मंग बसा ना. आमी तिकडंच चाललो." मग यजमानांकडे पाहून म्हणाला, "साहेब, तुमी?"

"मी येतो मागून," यजमान म्हणाले. "होतंच आहे."

त्या बाईने मला सरकून जागा दिली. जरा वेळाने नाकाशी पदर धरत म्हणाली, "बाई, तुमाले जुलाब दिला का कोणं?" मी रडत होते, तरी हसू आलं. टेशनावर तिने मला आपल्या चपला दिल्या. मी नको नको म्हणत होते, पण तिने ऐकलं नाही. एकटीने रेल्वेत बसण्याची माझी ती पहिली वेळ. बायकांच्या डब्यात सगळ्याजणी माझ्यापासून सरकून बसल्या होत्या.

वडील शुद्धीवर होते. ताप उतरत होता. मी पायाशी बसले तशी त्यांनी डोळे उघडले. "एरंडेल कुणी आणलं? डॉक्टरने तर नाही सांगितलं."

"कुणी नाही बाबा. मी आले."

ते वाचले, आणि पुढे कितीतरी वर्षं जगले. यजमान दुसऱ्या दिवशी आले, मोटार बैलांकरवी ओढवत एका खेड्यात नेऊन ठेवून. ओसरीवर उभे राहून ते वडिलांची विचारपूस करत होते. मी पाणीही दिलं नाही. म्हटलं, "ती मोटार घरात आहे तोवर मी अमरावतीला येणार नाही."

"हे काय बोलणं? लोक काय म्हणतील?"

"ते तुम्ही कोर्टात सांगा."

वडील आतून म्हणाले, "जावईबुवा, ती माझ्याजवळ राहील. जागा भरपूर आहे."

मी थंडीभर अकोल्याला राहिले. संक्रांतीनंतर यजमान आले, रेल्वेने, पांढरं धोतर नेसून, हात स्वच्छ. मोटार तिवशाच्या एका पक्षकाराला देऊन टाकली होती. त्याला मळ्यातल्या विहिरीवर पाणी ओढायला इंजिन हवं होतं. मी नखं पाहिली आणि ट्रंक भरली.

पुढे एकदा कामानिमित्त आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीने, म्हणजे तेव्हाच्या बसने, तिवशाला गेलो होतो. यजमान म्हणाले, मळा जवळच आहे. मी गेले. इंजिन कधीच फुटलेलं होतं. मोटार बांधाला टेकून उभी, आत कोंबड्या, बैठकीवर सगळी घाण. यजमान उभे राहिले, मग उपरण्याच्या टोकाने त्यांनी मोटारीच्या नाकावरची कोंबड्यांची शीट पुसायला सुरुवात केली. बराच वेळ पुसत होते.

"तुला एकदाही आवडली नाही का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

ते थोडे हसले. ते उपरणं त्यांनी तसंच खांद्यावर टाकलं. मी ते काढून घेतलं, दोन बोटांत धरलं आणि बांधावर टाकून दिलं.