बेचाळीस हात

बोलण्याआधी मास्तर उजवा हात लांब करून अंगठा उभा धरीत आणि डावा डोळा मिटीत. समोर देवळाचा कळस असो, कापसाची गंजी असो की नवा माणूस, त्याचे माप आधी अंगठ्यावर घेतले जाई. मग डोळा उघडून म्हणत, "कोन धरा, बाजू येतीनच." अकोल्याच्या शाळेत मी रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मलाही असेच मोजले. "शास्त्रीबुवा, दुरून तुमी जरा उंच दिसून राहिले होते," एवढेच बोलून ते वर्गात निघून गेले. मी पुण्याहून आलेला, व्याकरण शिकवणारा. मला हा माणूस अगदी उद्धट वाटला. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही वाटला असता.

मास्तर वलगावकडचे, माळ्याच्या घरचे. शाळेत येण्याआधी जमीन मोजणाऱ्या साहेबाच्या हाताखाली मोजणीची साखळी ओढत त्यांनी निम्मा वऱ्हाड पायाखाली घातला होता. भूमिती ते शेताच्या बांधावर शिकले, पुस्तक नंतर हाती आले. त्यामुळे पुस्तकाविषयी त्यांना आदर होता, पण भीती नव्हती.

समरूप त्रिकोण शिकवायला ते फळ्याजवळ जातच नसत. मुलांना अंगणात नेत, जमिनीत एक खुंटी ठोकत आणि तिच्यासमोर तीन गोटे ठेवून लहानसा त्रिकोण मांडत. खुंटीला बांधलेली सुतळी एकेका गोट्यावरून सरळ पुढे ओढायची आणि गोट्यापर्यंत होती त्याच्या तिप्पट लांब न्यायची. तिथे दुसरा गोटा ठेवायचा. असे तीन गोटे ठेवले की अंगणभर मोठा त्रिकोण उभा राही. "आता पा. बाजू तिप्पट झाल्या. कोन किती वाढला?" मुले कोन मापत. कोन तसूभरही वाढलेला नसे. मास्तरांचा चेहरा मात्र दर वर्षी असा खुलत असे, जणू हे त्यांनाही आजच कळले.

एकदा एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "म्हंजे वासरू अन् गाय, तसंच नं मास्तर?" मास्तरांनी अख्खा वर्ग शेजारच्या गोठ्यात नेला. "वासराचे पाय पा, अन् धड पा. गाय अशी लांबटांगी हाय काय? वासरू म्हंजे लहान गाय नोहे. सगळं सारखंच वाढलं पाहिजे, तवा समरूप." त्या दिवशी माझा व्याकरणाचा तास बुडाला. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "तुमचं व्याकरण कुठं पळून चाललं, बुवा? वासरू उद्या मोठं होऊन जाईन."

ते दिवस कापसाचे होते. सात समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई झाली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचे दिवस आले. ज्याला त्याला कापूस ठेवायला जागा हवी होती. धर्मशाळा भरली, तालीम भरली, देवळाच्या ओसरीतही गठाणी रचलेल्या. वर्गातली निम्मी मुले बापाबरोबर गाड्यांवर गेलेली. आमच्या शाळेच्या शेजारी एका शेटजींची कापसाची वखार होती, आणि वखार व शाळा यांच्यामध्ये एक कडुनिंब होता, उंच आणि पार वाळलेला.

निंबाच्या मुळ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. पहिल्या वादळात तो कोसळणार, हे सगळ्यांना दिसत होते. शेंड्याकडून तोडत यावा म्हणून एक जण वर चढला, तर फांदीसकट खाली आला. तेव्हा दोर लावून अख्खाच पाडायचा असे ठरले. तीन बाजूंना वखार, विहीर आणि घरे. उरली शाळेची बाजू. बुंध्यापासून शाळेची भिंत पंचेचाळीस हात होती. झाड त्याहून उंच असेल तर आधी शाळा उतरवणे भाग होते. शेटजी माणूस वाईट नव्हता, पण शाळा एकदा उतरली की त्या जागेवर कापूसच रचला जाणार आणि दुसरी जागा गावात नाही, हे मास्तर ओळखून होते. शाळा उठली असती ती कायमची.

"सावलीनं मोजू," मास्तर म्हणाले. आठ विती लांबीची काठी त्यांनी माझ्या हाती दिली. "तुमी ही रोवा, अन् मी हाक मारली की सावली मोजून सांगा." स्वतः उरल्यासुरल्या मुलांना घेऊन ते झाडाच्या सावलीकडे गेले. काठी हलू नये म्हणून मी जमिनीत एक चांगली भेग शोधली आणि घट्ट रोवली. हाक आली. काठीची सावली चार विती, झाडाची चोवीस हात. सावलीच्या दुप्पट काठी, म्हणजे झाड अठ्ठेचाळीस हात. शाळा उतरवायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर काठी हातात घेऊन ओट्यावर बसले होते. काठीच्या बुडाला काळ्या मातीचा डाग होता. त्यावर त्यांनी पंजा ताणून ठेवला. बरोबर एक वीत.

"बुवा, कुठं रोवली होती?"

"भेगेत. हलत नव्हती मुळीच."

"मंग वर सातच विती राहिली," ते हळूच म्हणाले. "झाड बेचाळीस हात."

आपल्या हातून काय झाले ते मला तेव्हा कळले. उन्हाळ्यात वऱ्हाडची जमीन कशी उकलते हे तिथल्या पोराटोरांना ठाऊक होते. मी नवखा.

मास्तर तसेच उठून शेटजींकडे गेले. मी मागोमाग. ओट्यावर चार मंडळी बसलेली. मास्तर म्हणाले, "काल माझी चूक झाली. काठी वीतभर जमिनीत गेली होती. झाड शाळेपर्यंत येत नाही." त्यांनी सगळ्यांदेखत पुन्हा मोजून दाखवले. पुन्हा बेचाळीस.

शेटजी म्हणाले, "मास्तर, काल अठ्ठेचाळीस, आज बेचाळीस. उद्या काय सांगाल?"

मंडळी हसली. काठी मी रोवली होती, हे चार शब्द माझ्या तोंडाशी आले आणि तिथेच राहिले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"उद्या बी बेचाळीस," ते म्हणाले. "शाळा उतरवू नका. मी तिथं खुंटी ठोकतो अन् खुंटीमांगं उभा राहतो. झाड आलं तं आधी माह्यावर येईन."

आणि खरोखर उभे राहिले. बेचाळीस हातांवर खुंटी, तिच्यामागे हातभर अंतरावर मास्तर, आणि त्यांच्या पाठीमागे शाळा. कुऱ्हाडी चालल्या, दोर ताणले गेले. मास्तरांनी हात लांब करून अंगठा उभा धरला आणि डावा डोळा मिटला. झाड कडाडले तेव्हा मी माझे दोन्ही डोळे मिटून घेतले. मी तेव्हा देवाला काय काय कबूल केले, ते इथे सांगत नाही.

धूळ बसली तेव्हा मास्तर तिथेच होते. निंबाचा शेंडा खुंटीच्या वीतभर अलीकडे पडला होता. ते चालत बुंध्यापाशी गेले आणि जमिनीत उरलेल्या खुंटावर त्यांनी पंजा ठेवला. "एक वीत इथं राहिली," ते शेटजींना म्हणाले. शेटजींनी पागोटे सारखे केले आणि मुलांना गूळ वाटायला सांगितले.

त्या दिवशी घरी जाताना मी विचारले, "चूक स्वतःवर कशाला घेतलीत?"

"काठी तुमाले मी देल्ली. रोवल्यावर पाहिली नाही मी. मंग चूक कोणाची?" एवढे बोलून त्यांनी विषय बदलला. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, याची खंत अजून आहे.

पुढल्या वर्षी त्यांची बदली बाळापूरला झाली. जाताना काठी आमच्याकडेच ठेवून गेले. पावसाळ्यात तिकडे तापाची साथ आली, आणि बाळापूरच्या एका गाडीवानाने येऊन निरोप सांगितला की मास्तर गेले. मी ऐकले आणि तास घ्यायला वर्गात गेलो. काय शिकवले ते आठवत नाही.

मास्तरांची बदली झाल्यापासून भूमिती बंदच होती. शिकवायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून आता तो वर्ग माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी कोपऱ्यातली काठी उचलली. बुडापासून वीतभर वर चाकूने एक खूण कोरलेली होती. ती मी आधी पाहिलीच नव्हती. मुलांसमोर काठी धरून मी म्हणालो, "निंबाच्या वेळी ही काठी चुकीची मी रोवली होती. मास्तरांनी नाही."

वासरू अन् गाय विचारणारा तो मुलगा मागच्या बाकावरून उठला. आता त्याला मिसरूड फुटली होती. "आमाले माईत हाय, बुवा. आमी सावलीपाशीच होतो नं. मास्तरनं सांगतलं होतं, बुवाले कोणी काही म्हणाचं नाही."

मी सगळ्यांना अंगणात नेले आणि काठी रोवली. अंगठा उभा धरून "कोन धरा" म्हणून पाहिले, पण माझ्या तोंडी ते काही शोभेना. मुलांचे तिकडे लक्षही नव्हते. सगळा वर्ग वाकून काठीचे बूड पाहत होता.