आमच्या घरातली पुण्यवान मरणं

घरात कुणाला हृदयविकार होता का, असं डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं आणि माझ्या अण्णाने, म्हणजे थोरल्या भावाने, छाती फुगवून सांगितलं, "कुणालाच नाही." सिगारेट? नाही. दारू? छे! जेवणानंतरच्या विड्यात तंबाखूची चिमूट असते, पण ती त्याच्या मते व्यसनात धरायची नसते. समोर रक्ताचा रिपोर्ट होता. वाईट कोलेस्टेरॉल चढलेलं, चांगलं उतरलेलं, साखर काठावर, वर बीपी. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि घरात कुणाला नाही म्हणताय, तर बाकीच्या तपासण्या तीन महिन्यांनी बघू म्हणाले. मी शेजारच्याच खुर्चीत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला, तरी मी तोंड उघडलं नाही. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

कारण आमच्या घराण्यातले पुरुष हृदयविकाराने मरतच नाहीत. ते पुण्यवान असतात. आजोबा पूजेला बसल्या बसल्या गेले. वडील आडी अमावास्येला, म्हणजे तमिळ आडी महिन्यातल्या पितरांच्या अमावास्येला, तिरुवैयारूच्या घाटावर तर्पण करताना गेले, एक्कावन्नाव्या वर्षी. ओंजळीतलं पाणी कावेरीत पडायच्या आत प्राण गेला म्हणे. तंजावुरात आमची मराठी घरं मोजकी, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. असं मरण यायला भाग्य लागतं, असं म्हणून बायका डोळे पुसतात. माझी आई तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. तिच्या भाग्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

यंदा अण्णाला एक्कावन्नावं लागलं. आणि गोळ्यांची पट्टी मला देवघराच्या फडताळात सापडली, एकही गोळी न काढलेली.

"मी बारीक आहे की," तो म्हणाला. "अंडंसुद्धा खात नाही. मज काय होते? सुम्मा, उगाच भिववू नको."

मग आडी अमावास्या आली, वडिलांचं श्राद्ध. वडे झाले, खीर झाली, पानावर तुपाची धार झाली. शास्त्री जेवून गेले. आमचीही जेवणं उरकली, अण्णाने विडा लावला आणि दरवर्षीप्रमाणे ती गोष्ट सुरू केली. तो ओंजळीपर्यंत आला आणि माझं टाळकंच फिरलं.

"खोटं आहे सगळं," मी म्हटलं. "तीन दिवस त्यांचा जबडा दुखत होता. डावा हात दुखत होता. तू तेव्हा चेन्नईत होतास. बाम मी चोळला. घाटावर दर दोन पायऱ्या उतरून बसत होते, घामाने निथळत होते. त्याला हार्ट अटॅक म्हणतात, अण्णा. आजोबांचंही तेच असणार."

"श्राद्धाच्या दिवशी असं बोलतात?" काकू कडाडली.

"मग केव्हा बोलू? ह्याच्या श्राद्धाला?"

मला राग फक्त त्यांचा नव्हता, स्वतःचाही होता. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. संध्याकाळ व्हायच्या आत लोकांनी त्यांना पुण्यवान करून टाकलं आणि मला हायसं वाटलं. जबड्याचं सांगितलं असतं, तर कुणीतरी विचारलंच असतं की दवाखान्यात का नाही नेलंस. ते ऐकावं लागू नये म्हणून मी एकोणतीस वर्षं ही गोष्ट मान डोलावून ऐकली. अण्णाला सांगायला हवं होतं, ते त्यालाच सांगितलं नाही.

अण्णाने तोंडातला विडा बाहेर जाऊन थुंकला. परत येऊन भिंतीला टेकून बसला.

"फार दुखलं त्यांना?"

"फार."

तो डावा खांदा चोळायला लागला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, सकाळी तर्पणाला बसल्यापासून तो हेच करत होता.

"परवापासून मजही दुखते," तो हळूच म्हणाला.

काकू सोडा आणायला उठली. गॅसच असेल, ती म्हणाली. मी तिला बाजूला सारलं, अण्णाला सोवळ्याच्या धोतरासकट ऑटोत घातलं आणि वाटभर त्याला शिव्या दिल्या. तो नुसता खांदा चोळत राहिला, त्यानेच मला जास्त भीती वाटली.

हॉस्पिटलच्या दारात त्याला स्ट्रेचरवर घेतलं. नर्सने फॉर्म भरता भरता तोच प्रश्न विचारला, घरात कुणाला हृदयविकार होता का. मी बोलणार, तेवढ्यात अण्णाने माझा हात धरला.

"होता," तो म्हणाला. "सगळ्यांना."