साडूभाऊंचा पाणी प्यालेला मजला

त्या सोमवारी सकाळी पूजा उरकली, महादेवाला बेल वाहिला आणि लगेच मिस्त्रीला फोन लावला. "स्लॅबचं काम तूर्त थांबव. मी आधी फर्दापूरला जाऊन येतो."

मिस्त्री बरं म्हणाला. आमच्या सौ.ना मात्र पटेना. "स्लॅब हितं अन् तुम्ही फर्दापूरला? लेणी बघून स्लॅब टाकतात व्हय?"

लेणी नाही, मला साडू बघायचा होता. छत्रपती संभाजीनगरात हर्सूलच्या बाजूला आमच्या घरावर मजला चढतोय. त्याच्या खालच्या खोलीत नवं देवघर होणार. मान वर केली की लाकूड दिसावं, हा माझा एवढाच हट्ट. म्हणून सागवानी तुळया, वर फळ्या, फळ्यांतून तुळयांत अर्धे रुतवलेले लांब स्क्रू आणि त्यावर काँक्रीट. लाकूड आणि काँक्रीट दोन्ही मिळून वजन पेलतात, असं इंजिनिअरनं समजावलं होतं. पण अवकाळी पाऊस आला आणि अंगणातलं लाकूड चिंब झालं. इंजिनिअर म्हणे, वाळू द्या. मिस्त्री म्हणे, काँक्रीट काय कोरडं असतं? अक्षय तृतीयेला नव्या जागी देव बसवायचे, असं घरात ठरलेलं.

आमचे साडू भगवानराव यांनी दोन वर्षांपूर्वी असाच मजला पर्यटकांच्या खोल्यांसाठी बांधला. फोनवर म्हणाले, "एकदम फर्स्टक्लास!" साडूनं फर्स्टक्लास म्हटलं की माणसानं स्वतः जाऊन बघावं.

सोबत शफीकभाई होते. आम्हा दोघा साडूंचं लाकूड त्यांच्याच वखारीतलं. गाडी त्यांची, नाश्ता माझा. फुलंब्री मागं टाकून सिल्लोडला थांबलो. मला उपवास, म्हणून साबुदाण्याची खिचडी. त्यांनी भज्यांच्या दोन प्लेटा मागवल्या.

"दुसरी तुमच्या वाट्याची खातो, भाऊ. सवाब, म्हणजे पुण्य, तुम्हाला; तेल मला."

जाणाऱ्यांसाठी सूचना: सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात. आम्हाला तेच हवं होतं, कारण साडूभाऊंच्या खोल्या रिकाम्या सापडणार होत्या. अजिंठा गाव सोडलं की घाट लागतो. वळणं तीव्र आहेत, ट्रकच्या मागं निमूट राहावं. डोंगर उन्हानं करपलेले होते, पण वारा छान. मी मनात नामस्मरण करत होतो, शफीकभाई मनात लाकूड तपासत होते. शेवटी म्हणालेच, "माझ्या मालात खोट निघाली तर तुमचं सगळं लाकूड परत नेतो. देवाच्या डोक्यावर खोटा माल नको."

फर्दापुरात भगवानरावांनी थाटात वरची खोली उघडली. पलंग, पडदे, आरसा, सगळं झकास. मी पाण्याची बाटली भिंतीशी आडवी ठेवली. ती हळूच निघाली, पलंगाखालून गेली आणि खोलीच्या मधोमध जाऊन थांबली.



"पाहुण्यांची सोय हाय," भगवानराव म्हणाले. "काय बी हरवलं तरी मधीच सापडतं."

खालच्या खोलीत तर मधोमध एक टेकूच उभा. त्याला गुलाबी रंग आणि प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा. "लोक फोटो काढतात हितं," साडूभाऊ म्हणाले.

मेहुणी चहा घेऊन आली आणि तिला राहवेना. "दाजी, खरं मी सांगते. स्लॅब झाल्यावर ह्यांनी वर चिखलाची आळी केली अन् पाणी तुंबवलं. लई दिवस! टँकर आणून! रोज तांब्या घेऊन वर जायचे. अभिषेकच म्हणा."

"मग? स्लॅबला पाणी नाय पाजायचं, तर काय दूध पाजायचं?"

त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडं स्लॅबवर पाणी तुंबवणं हे पुण्यकर्मच. रस्त्यानं जाणाराही मान वर करून विचारतो, पाणी भरलं का? साध्या स्लॅबला ते मानवतं. इथं खाली लाकूड होतं आणि मधे प्लॅस्टिकचा कागदही नव्हता. फळ्या, तुळया पाणी पीत राहिल्या. वर काँक्रीट कडक झालं म्हणून टेकू काढले, तेव्हा लाकूड आतून ओलंच होतं. ओलं लाकूड वजनाखाली जास्त वाकतं, आणि त्याच वाकात वाळतं. मग ते सरळ होत नाही.

"म्हणजे माझं लाकूड बेकसूर!" शफीकभाईंनी दुसऱ्यांदा चहा मागितला.

निघताना भगवानराव गाडीपाशी आले. थट्टा संपली होती. "साडूभाऊ, देवाची जागा हाय. घाई करू नका."

घरी आलो आणि सौ.ना सांगितलं, तृतीयेला देव हलायचे नाहीत.

"देवाला विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाला नाही."

मी लाकूड पत्र्याच्या शेडखाली, मधे फटी ठेवून रचलं. ऊन तापलं, लाकूड वाळलं, इंजिनिअरनं होकार दिला, मग तुळया-फळ्या चढवल्या आणि त्यांवर प्लॅस्टिक अंथरून काँक्रीट ओतलं. लाकूड पुरतं कोरडं असल्याची खात्री होईपर्यंत खालचे टेकू राहणार, देव तोवर जुन्याच जागी. त्या प्रवासातला माझ्याकडं अजिंठ्याचा एकही फोटो नाही. मधोमध जाऊन थांबलेली ती बाटली मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

काँक्रीट ओतलं त्याच्या दुसऱ्या सकाळी वर गेलो तर मिस्त्रीनं सवयीनं आळी घातलेली, आणि सौ. पाइप धरून उभ्या. मी खोरं घेतलं.

समोरच्या गच्चीवरून शेजारी ओरडले, "काय भाऊ, पाणी महाग झालं का?"

मी आळी मोडली, पाणी पन्हाळीतून वाहून जाऊ दिलं, काँक्रीटला ओल तेवढी मिळावी म्हणून ओली पोती पिळून पसरली, वर प्लॅस्टिक टाकलं आणि खाली उतरलो.