वहिनींचे साहेब

जळगावच्या उन्हानं ज्याचं काही वाकडं झालं नाही, पण 'साहेब' या एका शब्दानं ज्याला घाम फोडला, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो आमच्याच माडीवर भाड्यानं राहत होता. नॉर्वेहून आलेले हे गृहस्थ. एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कारखान्यात मशीन बसवून द्यायचं आणि उन्हाळा लागायच्या आत बायकोला घेऊन परत जायचं, असा बेत होता. मशीन बसलं, तसे तेही बसले. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. गल्लीत कुणाकडे नवा टीव्ही आला तरी लोक बघायला जमत, इथं तर अख्खा गोरा माणूस आलेला. पहिला महिनाभर आमच्याकडे साखर मागायला येणाऱ्या बायकांना साखर नको असायची.

माणूस उंचीला इतका की आमच्या जिन्याच्या चौकटीनं त्याच्या कपाळावर कायमचा मुक्काम ठोकला होता. घरून येताना त्यांनी लोकरीच्या जाडजूड घोंगड्या आणल्या होत्या. पहिल्याच एप्रिलात त्या ओल्या करून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला गुंडाळल्या. पाणी गार झालं, हे मला मान्य आहे. पण गल्लीभर ओल्या मेंढरांचा असा वास सुटला की समोरचे टेलर कुणाची मेंढरं शिरली म्हणून काठी घेऊन फिरत होते. दुपारी अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायची आणि तसंच निथळत सायकलवर बसून कारखान्यात जायचं, ही दुसरी युक्ती. पोचेपर्यंत कपडे खडखडीत वाळलेले. मला म्हणाले, "सर, तुम्ही लोक घरात इस्त्री का ठेवता, हे मला कळत नाही." मी शाळेत मास्तर; दुसऱ्या दिवशी वर्गावर बिनइस्त्रीचा सदरा घालून गेलो.

त्यांना मराठी मी शिकवली. त्यांच्या बाईंनी ती गल्लीतल्या बायकांकडून उचलली. परिणाम असा झाला की बाई बोलायच्या आणि साहेब वाक्य रचायचे. बाई पहिल्याच उन्हाळ्यात पदर खोचून उडदाचे पापड लाटायला बसल्या, दोन पापड फाडले, तिसऱ्याला बायकांच्या शिव्या खाल्ल्या आणि चौथ्यापासून गल्लीच्या 'वहिनी' झाल्या. कुणी ठरवलं नाही की कुणी विचारलं नाही. साहेब मात्र साहेबच राहिले. कुणाच्याही घरी गेले की खुर्ची पुसली जायची, कपाटातला फुलांचा कप निघायचा, चहात साखर दुप्पट पडायची. वहिनी आत चुलीपाशी पाटावर बसून ठेचा-भाकरी खात असायच्या आणि हे बाहेर एकटे, पंख्याखाली, बिस्किटांच्या बशीसमोर.

एकदा त्यांनी मला व्याकरणातच धरलं. म्हणाले, "सर, माझी बायको तुमची वहिनी आहे?"

"आहे."

"वहिनी म्हणजे भावाची बायको?"

"बरोबर."

"मग मी तुमचा कोण?"

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "साहेब, तुम्ही म्हणजे साहेब."

ते जिना चढून गेले. वर चौकट वाजल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोहीमच उघडली. भेटेल त्याला हात जोडून सांगायचे, "मला भाऊ म्हणा." भाजीवाली लाजून पदरात तोंड लपवायची. टेलर म्हणायचे, "हो हो, म्हणू की साहेब." दूधवाल्यानं मात्र त्यांचा मान राखला. दुसऱ्या सकाळी त्यानं जिन्याखालून जोरात हाक दिली, "भाऊसाहेब, दूध!" साहेब माझ्याकडे येऊन खिन्नपणे म्हणाले, "सर, भाऊ आला, पण शेपूट गेलं नाही."

पुढच्या हिवाळ्यात धुळ्याला आमच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. तिथं मी दोघांनाही घेऊन गेलो. धरणगावला दिलेली माझी थोरली बहीण, अक्का, तिथं आली होती. आमच्या घराण्यात रुसण्याचं काम अक्काकडे. ती रुसल्याशिवाय लग्न लागलं तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी अक्काला लुगडं दिलं, पण कुंकू लावायचं राहिलं. झालं. अक्का उठली आणि मांडवाच्या टोकाशी पाठ करून बसली. पंगत थांबली. आधी सुना गेल्या, मग पुतणे, शेवटी चुलतभाऊ स्वतः करंडा घेऊन गेला. तिसऱ्या विनवणीला अक्का उठली आणि चांगली जेवली. साहेब हे सगळं डोळे मोठे करून पाहत होते. त्यांनी विचारलं, "इथं कुणीही रागावू शकतं?" मी आपलं मास्तरी सवयीनं सांगून टाकलं, "छे. पाहुणा रागावला तर जेवतो आणि गपचूप निघून जातो. रुसतो तो घरचाच माणूस. त्याला ठाऊक असतं, आपल्यावाचून पंगत बसणार नाही." साहेबांनी मान डोलावली. 

त्यानंतरच्या वैशाखात माझ्या थोरल्या मुलीचं लग्न घरासमोरच्या मांडवात झालं. ऊन असं की कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसलेले. पंगतीला पत्रावळी मांडल्या, आणि साहेबांची आबाळ नको म्हणून मी त्यांच्यासाठी खास बाजूला टेबल-खुर्ची, चमचा आणि थंड पेयाची बाटली ठेवली. या व्यवस्थेवर मी खूष होतो. वाढपी वरण घेऊन निघाले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, साहेब कुठे आहेत? खुर्ची रिकामी होती. साहेब मांडवामागच्या निंबाखाली, जमिनीवर, आमच्याकडे पाठ करून बसले होते.

मग एकच धावपळ उडाली. ऊन लागलं म्हणून एकानं कांदा फोडून नाकाशी धरला, दुसऱ्यानं कैरीचं पन्हं आणलं, टेलरनं डोक्यावर ओला पंचा टाकला. वऱ्हाडात एक डॉक्टर होते, त्यांनी नाडी बघून सांगितलं की माणूस घोड्यासारखा धडधाकट आहे. साहेब एवढंच म्हणत होते, "मला जेवायचं नाही." तिकडे व्याही घड्याळ बघायला लागले. मी वहिनींकडे धावलो. त्या बायकांच्या पंगतीत मांडी घालून बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "काही नाही झालं. ते रुसलेत."

माझ्या डोक्यात काही शिरेना. पण शेजारी बसलेल्या अक्काच्या कानावर तो शब्द पडला मात्र, ती पानावरून उठली. निंबापाशी आली, साहेबांना एकदा पुढून आणि एकदा मागून पाहिलं. पाठ मांडवाकडे, पण जागा अशी निवडलेली की सगळ्या पंगतीला दिसावी. अक्का मला अहिराणीत म्हणाली, "हाऊ आजारी नही. हाऊ रुसेल शे." मग जरा गुरगुरत, "मन्ही जागा बी लई लिधी यानी." त्या दिवशी निंबाखाली बसायचा तिचाही विचार होता, हे मला नंतर कळलं.

तिनं मला टॉवेल-टोपी आणायला लावली. मी ती दोन्ही हातांत धरून म्हणालो, "साहेब, चला." साहेब हलले नाहीत. अक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवतो. म्हणाली, "साहेब कोन्हाले म्हनस? साहेब कधी रुसतस का? भाऊ म्हन."

चारशे माणसं ताटकळत होती आणि व्याही बघत होते. इतके दिवस एका घरात राहून हा माणूस एवढंच मागत होता, आणि मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवत होतो. मी म्हणालो, "भाऊ, चला. पोरीचं लग्न आहे. तुमच्यावाचून पंगत खोळंबलीय."

साहेब म्हणाले, "मला भूक नाही."

अक्काचा चेहरा फुलला. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बरोबर शिकना."

तिसऱ्या विनवणीला ते उठले. मी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. ती जेमतेम टेकली. मग ते पंगतीत, माझ्या शेजारी, गुडघे कानाशी घेऊन बसले आणि कढी ओरपताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. त्यांना वाढताना वाढप्यानं "साहेब, अजून?" असं विचारलं, तर अक्कानं तिकडून त्याला झापलं.

त्यानंतर ते घरचे झाले आणि घरच्या माणसाचा सगळा ताप त्यांनी आम्हाला दिला. माझ्या पाण्याच्या मोटारीत हात घालून ती बिघडवली. मला चहात साखर कमी घ्यायला लावली. भरीत-पार्टीला वांगी कपाशीच्या काड्यांवर नीट भाजली नाहीत, यावरून टेलरशी अबोला धरला. फुलांचा कप परत कपाटात गेला आणि त्यांना कान तुटलेल्या कपातून चहा मिळू लागला. त्या कपाचं त्यांना कोण कौतुक. मग कारखान्यानं त्यांना परत बोलावलं. स्टेशनवर वहिनी रडल्या, आमच्या घरातल्या बायका रडल्या. भाऊ मात्र डब्याच्या दारात उभे राहून माझ्या मोटारीला तेल कधी घालायचं, हेच सांगत होते. गाडी हलली तरी सांगत होते.

धाकट्या मुलीचं लग्न नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला झालं. तोवर अक्काही गेली होती. कार्यालय घेतलं होतं, जेवण उभ्यानं. ज्यानं त्यानं आपापली प्लेट घेतली, वाढून घेतलं, खाल्लं आणि आहेर देऊन वाट धरली. कुणी रुसलं नाही. बायको म्हणाली, "किती छान पार पडलं ना, कुणाची कटकट नाही." मी हो म्हणालो. मीही प्लेट घेतली, पण घास घेववेना. भरलेली प्लेट हातात धरून मी नुसताच दाराकडे बघत उभा होतो. आपलं कुणीतरी जेवायचं राहिलंय, असं सारखं वाटत होतं.